न्हाणीघरांतील घडवंची

शाळेच्या वार्षिक अंकांत गड-किल्ल्यांच्या सहली, थोरांचीं चरित्रें, शास्त्रांतील नवलें असे विषय शोभून दिसतात. त्यांच्या पंक्तीला शौचगृहांतील कागदाच्या गुंडाळ्या ठेवण्याचा स्टँड आणून बसविणें कित्येकांस धारिष्टाचें वाटेल. पालक नाक मुरडतील. मुलें मथळ्याखालचा मजकूर एकमेकांस दाखवून फिदीफिदी हंसतील. हंसोत बापडीं! ज्या वस्तूवाचून माणसाचें रोज अडतें, परंतु जिचें नांव चारचौघांत काढण्याची त्यास चोरी वाटते, ती वस्तु निबंधाला वाईट नव्हे, असें आमचें मत आहे. शिवाय हा निबंध त्या स्टँडइतकाच आमच्या आत्यांचाहि आहे, आणि आत्यांविषयीं लिहावयास संकोच कसला?

आम्ही बरींच वर्षें अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांत राहत आहों. तिकडचें न्हाणीघर म्हणजे आपल्याकडची मोरी नव्हे. मोरींत पाणी सांडावयाचेंच असतें. तिकडच्या न्हाणीघराच्या जमिनीला बहुधा पाणी वाहून जाण्यास तोंडच ठेविलेलें नसतें. त्यामुळें बादली, तांब्या, टमरेल ही आपली सगळी शिबंदी तेथें अडचणींत येते. कमोडवर बसावयाचें आणि शेजारच्या भिंतींतील दांड्यावरून मऊ कागद ओढून घ्यावयाचा, अशी तेथील रीत आहे.

हा दांडा मोठा गमतीचा असतो. तो एकसंध नसून दोन नळकांडीं एकांत एक सरकणारीं असतात व त्यांच्या पोटांत एक स्प्रिंग दडलेली असते. दांडा दोन्ही टोंकांनीं दाबून आंखूड करावा, गुंडाळीच्या मधल्या पुठ्ठ्याच्या नळींतून ओंवावा आणि भिंतींतल्या दोन खळग्यांत अलगद सोडावा, म्हणजे स्प्रिंग त्यास घट्ट धरून ठेवते. बोट निसटलें तर मात्र तो टुणकन् उडून नेमका कमोडच्या मागें, जेथें कोणाचाहि हात पोंचत नाहीं अशा जागीं जाऊन बसतो. यंत्रविद्येची आवड असणाऱ्या मुलांनीं एकदां तो उघडून पाहावा. आंत पाहण्याजोगें फारसें कांहीं नाहीं, पण उघडल्याचें समाधान मिळतें.

दांड्याच्या आधीं खिळा होता. अमेरिकेंत १७९२ सालापासून निघत आलेलें ‘ओल्ड फार्मर्स आल्मनॅक’ नांवाचें एक वार्षिक आहे. हवामान, चंद्रसूर्याचे उदयास्त, पेरणीचे दिवस, असा त्यांतला मजकूर. त्याच्या कोंपऱ्यास आजहि एक भोंक पाडलेलें असतें. आपल्याकडे पंचांगास दोरा ओंवून तें खुंटीला टांगीत, तसें तिकडचे शेतकरी हें पुस्तक खिळ्याला अडकवीत. फरक इतकाच कीं तो खिळा पुष्कळदां परसांतल्या शौचकूपांत असे, आणि वाचून झालेलीं पानें एकेक करून कामीं येत. (आमच्या शाळेच्या वार्षिकावर हा प्रसंग न येवो!) पुढें १८५७ सालीं न्यूयॉर्कच्या जोसेफ गेएटीनें खास या कामासाठीं कोरफडीचा अंश घातलेले सुटे कागद विकावयास काढले. पांचशें कागदांस पन्नास सेंट पडत, आणि प्रत्येक कागदावर त्या गृहस्थानें स्वतःचें नांव जलचिन्हानें उमटविलें होतें. कीर्तीचे मार्ग अनेक आहेत हें आम्हांस मान्य आहे, तरी हा मार्ग आम्ही स्वतः निवडला नसता.

गुंडाळीला ठराविक अंतरावर छिद्रांची रांग पाडून तुकडा सहज तुटेल अशी योजना ऑल्बनी शहरच्या सेथ व्हीलरची. त्याच्या १८९१ सालच्या पेटंटांतील चित्रांत कागदाचें टोंक गुंडाळीच्या वरून पुढें लोंबतांना दाखविलें आहे. तिकडच्या घराघरांत टोंक पुढून सोडावें कीं भिंतीकडून, यावरून नवराबायकोंत वाद होतात. त्यांना हें चित्र दाखविलें असतां वाद मिटावयास हवा, पण मिटत नाहीं.

असो. या भिंतींतल्या दांड्याची गोम एकच, कीं त्यावर गुंडाळी मावते एक. दुसरी कोठें ठेवावयाची याचा विचार घर बांधणारानें केलेला नसतो. बहुतेक घरांत ती हात धुण्याच्या भांड्याखालच्या कपाटांत असते, नाहीं तर बाहेरच्या बोळांतल्या फडताळांत. आणि पहिली संपल्याचें केव्हां कळतें, तर बसल्यावर. धडधाकट माणसाला त्याचें कांहीं वाटत नाहीं. तो वांकतो, हात लांबवितो, वेळप्रसंगीं दारांतून ‘अग, जरा एक रोल दे’ म्हणून ओरडतोहि.

डिसेंबर २०१९ मध्यें आमच्या आत्या सांगलीहून आमच्याकडे आल्या. वय शहात्तर, दोन्ही गुडघे धरलेले. आयुष्यभर शिक्षिकेची नोकरी केलेली, त्यामुळें आवाज खणखणीत. वर्गांतल्या शेवटच्या बांकापर्यंत पोंचणारा. त्यांनीं आल्या दिवशींच एक प्लॅस्टिकचा मग आणवून घेतला व आपला पाण्याचा धर्म पाण्यानें पाळला. कागद त्यांस हवा असे तो केवळ शेवटीं कोरडें करण्यापुरता. पण तेवढा हवाच असे, कारण कोरड्या जमिनीवर पाण्याचा एक थेंब सांडलेला त्यांस खपत नसे. परक्या घरची शिस्त आपण मोडूं नये, असें त्यांचें म्हणणें. भाच्याच्या घरास त्या परकें म्हणत नसत, पण त्या घरच्या फरशीस म्हणत.

एके दिवशीं पहांटे त्या आंत गेल्या, त्या अर्धा तास झाला तरी बाहेर येईनात. घरांत सगळे जागे होते. दारावरून दोन वेळां जाऊन सौभाग्यवतींनीं कानोसा घेतला. शेवटीं त्यांनीं हलकेंच विचारलें, “आत्या, बरं आहे ना?” आंतून उत्तर आलें, “बरं आहे.” मग क्षणभरानें, अगदीं हळू, “तो कागद संपलाय.” चाळीस वर्षें चाळीस-चाळीस मुलांना दटावणारा तो आवाज त्या दिवशीं दाराबाहेर जेमतेम ऐकूं आला. खालच्या कपाटांत सहा गुंडाळ्या होत्या. आत्यांच्या हातापासून दोन फुटांवर, आणि गुडघ्यांच्या दृष्टीनें दोन कोसांवर.

चहा पितांना त्या विषयाचा कोणी उल्लेख केला नाहीं. नंतर त्यांनींच कप खालीं ठेवून म्हटलें, “अरे, चूल एका खोलींत नि लांकडं दुसऱ्या खोलींत, हा कसला रे संसार?” एवढ्यावर तो विषय मिटला. त्याच दिवशीं आम्ही स्टँड शोधावयास निघालों.

बाजारांत या वस्तूचे प्रकार पुष्कळ निघाले. भिंतीला लावण्याचे होते, उभ्या पेटीसारखे होते. त्यांत वरून गुंडाळ्या टाकीत जावें आणि खालून एकेक काढीत जावें, म्हणजे वरची आपल्या भारानें खालीं सरकते. दोन गुंडाळ्या शेजारीं शेजारीं ठेवणारे दांडेहि होते. जपानांत तसे घरोघर दिसतात. आमच्या आठवींतल्या चिरंजीवांस तो दोन गुंडाळ्यांचा प्रकार फार पसंत पडला. एक संपली तर दुसरी आहेच, असें त्याचें म्हणणें. दिसावयास हें अगदीं बिनतोड दिसतें. परंतु या प्रश्नावर एका मोठ्या माणसानें गणित मांडून ठेविलें आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठांतील विख्यात संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनीं १९८४ सालीं ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’ या गणिताच्या मासिकांत नेमक्या याच विषयावर निबंध प्रसिद्ध केला. विनोदानें लिहिलेला, पण गणित मात्र खरें. समजा, दांड्यावर सारख्याच दोन गुंडाळ्या आहेत आणि येणारा प्रत्येक जण एकेक तुकडाच घेतो. माणसें दोन जातींचीं: कांहीं नेहमीं जाड गुंडाळीला हात घालतात, कांहीं नेहमीं बारीक गुंडाळीला. आतां पहिली गुंडाळी संपते त्या क्षणीं दुसरीवर किती उरलें असेल? सगळेच जाडीकडे वळणारे असतील तर दोन्ही बरोबरीनें झिजत जातात आणि एक संपते तेव्हां दुसरीवर अवघा एक तुकडा राहतो! दर तिघांत दोघे तसे असले, तरी सरासरीनें दोनच तुकडे उरतात, मग गुंडाळी कितीहि लांब असो. उलट दर तिघांत दोघे बारीक गुंडाळी आधीं संपविणारे असले, तर पहिली संपतांना दुसरी जवळ जवळ अर्धी शिल्लक राहते. गणिताची गोडी असणाऱ्या विद्यार्थ्यांनीं दोन-दोन, तीन-तीन तुकड्यांच्या गुंडाळ्या धरून हा हिशेब स्वतः करून पाहावा. त्यास संभाव्यतेपलीकडे कांहीं लागत नाहीं.

थोडक्यांत, दोन गुंडाळ्यांचा दांडा तो वापरणारांच्या स्वभावावर अवलंबून राहतो, आणि आमच्या घरचे स्वभाव आम्हांस ठाऊक आहेत. चिरंजीवांनीं घरांत ‘बारीक गुंडाळी प्रथम’ असा नियम करण्याची सूचना मांडली. पण घरीं आलेल्या पाहुण्यास दाराशीं थांबवून असा नियम सांगावा कसा? तेव्हां तो प्रकार बाद झाला.

आम्हीं निवडला तो साधा लोखंडी उभा स्टँड. तळाशीं एक जड चकती, तींत उभी केलेली सळई, तिच्यावर एकावर एक तीन गुंडाळ्या, मुलांच्या खेळण्यांतील कड्यांच्या चळतीसारख्या. सळईच्या माथ्यावर बाजूला वांकविलेला एक हात, त्यावर चालू गुंडाळी. चळतीला कोणी हात लावण्याचें कारण नाहीं, आणि किती शिल्लक आहेत तें दारांतून दिसतें. तळाची चकती चांगली जड असावी लागते. हलकी असली तर कागद ओढतांच सगळा डोलारा आपल्या अंगावर वांकून येतो. दुकानांत आम्हीं चार स्टँड ओढून पाहिले. विक्रेत्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

स्टँड घरीं आला नि कमोडशेजारीं उभा राहिला. आत्यांनीं तो चष्मा लावून नीट न्याहाळला, त्याचें नांव ‘घडवंची’ ठेविलें, आणि पहिला आक्षेप काढला. “खालच्या कागदाला येतां-जातां पाय लागेल.”

वाचकांपैकीं ज्यांचा पाय कधीं चुकून वहीला लागला असेल, त्यांनीं लगेच ती उचलून कपाळाला लावली असेल. त्याबद्दल कोणी त्यांस शिकविल्याचें त्यांना आठवणारहि नाहीं. आम्हीं आत्यांस समजावून पाहिलें, कीं हा कागद लिहिण्याचा नव्हे. त्याचा पुढचा प्रवास पाहतां पाय लागला काय नि न लागला काय. आत्या म्हणाल्या, “पुढं जें होईल तें होईल. आतां तो कोरा आहे ना?” यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. सहाव्या शतकांत चीनमध्यें यान चिट्वी नांवाचा एक विद्वान् अधिकारी होऊन गेला. त्यानें आपल्या मुलाबाळांसाठीं लिहून ठेविलें आहे, कीं ज्या कागदावर पंचग्रंथांतील वचनें किंवा सत्पुरुषांचीं नांवें असतील, तो शौचाच्या कामीं लावण्याचें धाडस आपण करीत नाहीं. अर्थात् इतर कागदास त्याची हरकत नव्हती. आत्यांची मर्यादा त्याच्याहि दोन पावलें पुढें होती. त्यांच्या हिशेबीं कोरा कागद म्हणजे ज्यावर अजून कांहीं लिहितां आलें असतें असा कागद.

शेवटीं सांगलीहून त्यांनीं पूजेसाठीं आणलेल्या दोन पाटांपैकीं एक घडवंचीखालीं गेला. तो न्हाणीघरांत ठेवण्यास सौभाग्यवतींचा विरोध होता, पण तिकडच्या कोरड्या जमिनीवर लांकूड भिजण्याचें भय नव्हतें. आणि मौज अशी, कीं पाटामुळें तो वांकलेला हात नेमका आत्यांच्या कोंपराच्या उंचीस आला. कागदाच्या मानाकरितां केलेली योजना गुडघ्यांच्या कामास आली. पुढें आत्यांनीं क्रोशाच्या सुईनें पांढऱ्या दोऱ्याची एक टोपी विणून चळतींतल्या वरच्या गुंडाळीस घातली. अमेरिकेंतहि आज्या-पणज्यांनीं विणलेलीं अशीं आच्छादनें जुन्या घरांत सांपडतात. आत्यांस तें ठाऊक नव्हतें. त्या अर्ध्या तासासारखा प्रसंग पुन्हां आला नाहीं. रोज सकाळीं दांत घासून आल्यावर त्या आम्हांस आंकडा सांगत: “आज अडीच आहेत.”

मार्च २०२० उजाडला. ता. ११ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें कोरोनाची महासाथ जाहीर केली. २१ तारखेस न्यू जर्सींत घरींच राहण्याचा हुकूम निघाला. २२ पासून भारतानें परदेशांतून येणारीं प्रवासी विमानें बंद केलीं. एप्रिलांत परतावयाच्या आत्या आमच्याकडेच अडकल्या. आणि त्याच सुमारास अमेरिकेंतल्या दुकानांतून सर्वांत आधीं काय नाहींसें झालें, तर धान्य नव्हे, तेल नव्हे, हा कागद! फळ्यांच्या फळ्या रिकाम्या. लोक घाबरून दहा-दहा पुडे नेत होते हें खरें. परंतु नुसती हांव हें त्याचें कारण नव्हे. हा माल हलका, स्वस्त नि जागा खाणारा. म्हणून दुकानदार त्याचा मोठा सांठा करीत नाहींत, आणि कारखाने एरव्हींच दिवसरात्र चालत असल्यानें त्यांस उत्पादन एकाएकीं वाढवितां येत नाहीं. शिवाय शाळा, कचेऱ्या, उपाहारगृहें बंद पडल्यानें माणसांचा सगळा दिवस घरींच जाऊं लागला. कचेऱ्यांत लागणाऱ्या गुंडाळ्या होत्या, पण त्या नऊ-नऊ इंच व्यासाच्या अवजड. त्या घरच्या दांड्यावर चढत नाहींत. जपानांत १९७३ च्या तेलसंकटांत अशीच झुंबड उडाली होती, आणि तेथील सरकार अलीकडे लोकांस महिनाभराचा सांठा घरांत ठेवावयास सांगतें, कारण त्या देशांतला सुमारें चाळीस टक्के हा माल एकट्या शिझुओका प्रांतांत होतो व भूकंपाचें भय सदाचें.

आमच्या घरांत मात्र धांदल उडाली नाहीं. आत्यांचा मग होता, आणि तो हळूहळू सर्वांनींच आपलासा केला. घडवंचीवरचा आंकडा दिवस दिवस हलेना. आत्यांस याचा थोडा अभिमान वाटत असावा. त्या तो बोलून दाखवीत नसत, फक्त सकाळचा आंकडा जरा मोठ्यानें सांगत.

आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ एकटेच राहत. पत्नी वारलेली, मुलगी दूर पश्चिमेकडे. एप्रिलांतल्या एका सकाळीं ते कुंपणापलीकडून आमच्याशीं हवापाण्याच्या चार गोष्टी बोलले, आणि वळतां वळतां त्यांनीं विचारलें, कोणत्या दुकानांत कांहीं आल्याचें ऐकलें आहे काय? ‘कांहीं’ म्हणजे काय, तें त्यांनीं सांगितलें नाहीं. आम्हीं ठाऊक असलेल्या दोन दुकानांचीं नांवें सांगितलीं. ते आभार मानून आंत गेले.

आत्या खिडकींत बसून पाहत होत्या. इंग्रजी त्यांस समजतें, पण तिकडचे उच्चार कळत नाहींत. शिवाय कांच बंद होती. त्यांनीं विचारलें, “काय मागत होते?” आम्हीं म्हटलें, “मागत नव्हते, आत्या. दुकानाची चौकशी करीत होते.”

“अरे, मागतच होते,” आत्या म्हणाल्या. “त्या वयांत तसंच मागतात.”

त्या उठल्या, भिंतीला धरीत न्हाणीघरांत गेल्या आणि सळईवरच्या तीनहि गुंडाळ्या काढून घेऊन आल्या. वरचीला टोपी तशीच होती. सौभाग्यवतींनीं ती काढावयास हात पुढें केला, तर त्या म्हणाल्या, “राहूं दे. उघडं काय द्यायचं?” कागदी पिशवींत तीं तीन नग नि वर दोन लिंबें घालून आम्हीं ती पिशवी त्यांच्या पायरीवर ठेविली, घंटा वाजविली व रस्त्यापर्यंत मागें आलों, त्या दिवसांत देण्याघेण्याची रीतच तशी होती. गृहस्थ दारांत आले, पिशवींत पाहिलें, आणि कांहीं न बोलतां बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनीं टोपी घातलेली गुंडाळी उंच करून खिडकीकडे दाखविली. आत्यांनीं खिडकींतून नमस्कार केला.

मे महिन्यांत एके दिवशीं आमच्या पायरीवर एक पत्र्याचा ट्रे आढळला. त्यांत गुंडाळ्यांतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या अर्ध्या-अर्ध्या कापून उभ्या केलेल्या, प्रत्येक नळींत माती, आणि प्रत्येक मातींत टोमॅटोचें एकेक रोप. तिकडचे बागाइती लोक असें करतात. रोप नळीसकट जमिनींत पुरलें तरी चालतें, पुठ्ठा कुजून जातो. सहा रोपें होतीं. शेजारीं धुऊन इस्त्री केलेली क्रोशाची टोपी चौकोनी घडी घालून ठेविली होती.

रोपें आत्यांनीं खुर्ची टाकून आपल्या देखरेखीखालीं चिरंजीवांकडून लावून घेतलीं. जुलैंत विशेष विमानाची सोय होऊन त्या सांगलीस परतल्या, तेव्हां फळें अजून हिरवीं होतीं. पाट त्यांनीं नेला नाहीं. ज्या जागेवर तो राहिला ती पाहतां पुन्हां पूजेस घेणें योग्य नव्हे, असें त्या म्हणाल्या. सांगलीस पोंचल्यावर चौदा दिवस वेगळ्या खोलींत राहून झाल्यानंतरच त्यांचा सविस्तर फोन आला. पहिला प्रश्न टोमॅटोचा होता. दुसरा, घडवंचीवर किती आहेत?

“तीन सळईवर नि एक हातावर,” आम्हीं सांगितलें. टोमॅटो पिकावयास लागले होते. त्यांतले निम्मे कुंपणापलीकडे पोंचते केले होते, हेंहि सांगितलें.